येरवड्याच्या वाटेवरील दगडी वास्तू

मुळा-मुठा ओलांडून येरवड्याच्या बाजूस गेले म्हणजे झाडीआडून डेक्कन कॉलेजची जी काळ्या पाषाणाची भव्य इमारत दृष्टीस पडते, ती त्या आवारातील ज्येष्ठ वास्तू खरी. परंतु तिच्यात नांदणारी विद्या तिच्याहूनही सत्तेचाळीस वर्षांनी वडील आहे.

सेनापती खंडेराव दाभाड्यांनी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा जो प्रघात पाडला आणि पुढे पेशव्यांनी जो आपल्या वैभवास साजेसा वाढविला, त्याच्या खर्चाची बाब पेशवाई बुडताच कंपनी सरकारच्या दप्तरात येऊन पडली. ती एकदम खोडावी तर नव्या मुलखात असंतोष माजायचा, आणि तशीच चालवावी तर साहेबाच्या हिशेबी वृत्तीस मानवायचे नाही. तेव्हा त्या रकमेतला काही भाग वळवून १८२१ साली दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्याची तजवीज झाली. बाजीरावाने विश्रांतीसाठी बांधलेल्या वाड्यात न्याय-व्याकरणाचे पाठ घोकले जावेत, हा दैवाचा खोडकरपणाच म्हणावयाचा. १८५१ साली या पाठशाळेचे रूपांतर पूना कॉलेजात झाले, आणि तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून येरवड्याच्या बाजूस आले.

नव्या इमारतीची कोनशिला १८६४ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसविली. आराखडा कॅप्टन विल्किन्स या लष्करी इंजिनिअराचा. पैशात जमशेटजी जिजीभाई घराण्याच्या देणगीचा वाटा मोठा. १८६८ साली कॉलेज येथे राहावयास आले. टोकदार कमानी आणि मनोरा यांची ही गॉथिक धाटणी येथील उन्हाला परकीच. पण दगड सह्याद्रीच्या कुळातला असल्यामुळे तिचे परकेपण फारसे बोचत नाही. कीलहॉर्न आणि रामकृष्णपंत भांडारकर यांच्यासारखे संस्कृतज्ञ येथे शिकवून गेले. टिळक १८७६ साली येथूनच बी. ए. झाले, आणि त्यांची वसतिगृहातील खोली आजही जतन केलेली आहे. टिळक आणि आगरकर या दोन तरुणांच्या वादविवादांतून पुढे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, त्या वादांची जागाही हेच आवार.

१९३४ साली सरकारने काटकसरीचे निमित्त करून कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी मात्र स्वस्थ बसले नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि देणगीच्या अटी पुढे आल्या, कारण एखाद्याने विद्येसाठी दिलेला पैसा सरकारलाही आपल्या मर्जीने गुंडाळून ठेवता येत नाही. १९३९ साली दारे पुन्हा उघडली, ती संशोधन संस्था म्हणून. हसमुख सांकळियांच्या अश्मयुगीन हत्यारांना आणि इरावतीबाई कर्व्यांच्या समाजशास्त्राला मग येथेच आसरा मिळाला.

१९४८ साली सुमित्र कत्रे यांच्या पुढाकाराने येथे संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश हाती घेतला गेला. सुमारे पंधराशे ग्रंथ चाळून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ साली छापून निघाला, त्यानंतर कैक भाग आले, आणि अद्याप 'अ' या एका अक्षराचा संसार आटोपलेला नाही.