घरचा साबण, दुकानचा साबण

मुळशी तालुक्यातील जांबे गावी कुणी खोबरेलाचा साबण घरी करावयाचे म्हटले, तर आम्ही आधी तराजू आणावयास सांगू. ह्या तेलाच्या एका किलोस कॉस्टिक सोडा सुमारे १८३ ग्रॅम लागतो. अधिक झाला की कातडी भाजलीच! म्हणून थोडा कमीच घ्यावा. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. वड्या चार-सहा आठवडे मुरू द्याव्यात. एवढा खटाटोप कशाला? साबण होताना ग्लिसरीनही होते, तेलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून थोडे अधिकच. मोठे कारखाने बहुधा ते मिठाच्या पाण्याने वेगळे काढून विकतात. घरच्या वडीत ते राहते व कातडी मऊ ठेवते. मळ मात्र दोन्ही साबण सारखाच काढतात आणि जड पाण्यात फेस दोघांचाही रुसतो.