मूलपेशींविषयी काही गैरसमज

प्रसूतिगृहात नाव नोंदवताच हल्ली पुष्कळ आईबापांच्या हाती एक गुळगुळीत माहितीपत्रक पडते : बाळाच्या नाळेतील रक्त गोठवून जपून ठेवा, पुढेमागे त्याला कर्करोग झालाच तर त्याच्याच मूलपेशी त्याला तारतील. पहिल्या अपत्याच्या काळजीने कातर झालेले जोडपे मग हप्त्यांच्या करारनाम्यावर सही करते. मूलपेशींविषयी जे गैरसमज आपल्याकडे रूढ झाले आहेत त्यांत हा फार खर्चिक. परंतु त्याची उकल होण्यासाठी मूलपेशी म्हणजे काय आणि तिचे सामर्थ्य कोणत्या मर्यादेत नांदते, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे.

पुष्कळांना मूलपेशी म्हटले की भ्रूणाचा बळीच आठवतो. १९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रथम प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यावरून मोठा वाद माजला, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६१ ते १९६३ या काळात, टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेत अशा पेशी असल्याचे दाखवले होते, की ज्यांतील एकेक पेशी स्वतःसारखी दुसरी घडवते आणि रक्तातील नाना जातींच्या पेशींनाही जन्म देते. तुमच्याआमच्या हाडांच्या पोकळीत हा कारखाना या क्षणीही चालू आहे. नुसत्या तांबड्या पेशीच तो दर सेकंदाला सुमारे २० लाख तयार करतो.

दुसरा समज असा, की वार्धक्य म्हणजे या पेशींचे भांडार रिते होणे, आणि म्हणून बाहेरून टोचून भर घातली की तारुण्य परतावे. रक्ताच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. म्हातारपणी मज्जेतील मूलपेशींची संख्या वाढते. उणावते ते त्यांचे कर्तृत्व. शिवाय आयुष्यभराच्या विभाजनांत एखादीच्या जनुकात बिघाड होतो, तिची प्रजा इतरांना मागे सारून फोफावते, आणि सत्तरी ओलांडलेल्या दहा माणसांत निदान एकाच्या रक्तात अशा घराण्याचा शिरकाव झालेला आढळतो. त्यांतूनही रक्ताचा कर्करोग वर्षाला शंभरांत फार तर एकाला होतो.

वार्धक्य आणि कर्करोग यांचे नाते येथे उघड होते, आणि माझ्या मते या विषयाचे मर्मही येथेच आहे. जी पेशी अमर्याद विभागू शकते ती झीज भरून काढते, तशीच अर्बुदही माजवू शकते. म्हणून देहाने पेशींना लगाम घातले आहेत. १९६१ साली फिलाडेल्फियात हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखवून दिले, की सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात. गुणसूत्रांची टोके दर विभाजनात झिजतात, हे त्याचे प्रमुख कारण. ती टोके पूर्ववत करणारे टेलोमरेज नावाचे विकर दहांपैकी सुमारे नऊ कर्करोगांत जागे झालेले आढळते. उलट २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांमध्ये पी-५३ हे कर्करोगरोधक प्रथिन प्रमाणाबाहेर कार्यरत झाले होते, त्यांना अर्बुदे कमी झाली, पण ते अकाली म्हातारे झाले. पहारा जितका कडक, तितकी दुरुस्ती मंद. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या बळावर उंदराची प्रौढ पेशी भ्रूणावस्थेकडे परत फिरवली आणि २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चारांपैकी एक जनुक मुळात कर्करोगाशी निगडित, आणि तशा पेशींपासून जन्मलेल्या काही उंदरांना अर्बुदे झालीच. तारुण्याचे इंजेक्शन विकणाऱ्याला हा इतिहास अवश्य विचारावा. आपल्या देशात मूलपेशींच्या रोपणाला प्रमाणित उपचार म्हणून मान्यता आहे ती मुख्यतः रक्ताच्या व्याधींपुरती.

त्या उपचारालाही लोक अकारण भितात. दात्याच्या पाठीच्या कण्याला सुई लागते, ही समजूत चुकीची आहे. मज्जा कमरेच्या हाडातून काढतात, किंवा औषधाने मूलपेशी रक्तात उतरवून दंडाच्या शिरेतून गोळा करतात. घेणाऱ्याच्या अंगावर तर टाकाही पडत नाही. खाटेशेजारच्या स्टँडवर लाल पिशवी टांगतात, ती थेंबथेंब शिरेत रिती होते, पेशी आपली वाट आपण शोधत हाडांत जाऊन वसतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा वर सरकू लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हे १९८३ सालापासून चालू आहे.

आता नाळेतील रक्ताकडे येऊ. लहानपणीच्या रक्तकर्करोगांपैकी कित्येकांचा पहिला जनुकीय बिघाड जन्माआधीच झालेला असतो. नवजात अर्भकांच्या टाचेतून घेऊन जपलेल्या रक्ताच्या वाळक्या ठिपक्यांतही तो वर्षांनंतर सापडला आहे. अशा मुलाला त्याचेच साठवलेले रक्त देणे म्हणजे रोगाचे बीज परत पेरण्याचा धोका पत्करणे. स्वतःच्याच भावी उपयोगासाठी पैसे भरून असा साठा करण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद करत नाही. नाळेच्या रक्ताचे जगातील पहिले रोपण १९८८ साली पॅरिसमध्ये पाच वर्षांच्या एका मुलावर झाले. तो बरा झाला, आणि ते रक्त त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचे होते.