चार चिंचोके, तीन परार्ध

दोन चिंचोके मधोमध फोडले की चार अर्धुकं मिळतात. आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, फुटक्या बांगड्यांच्या सोंगट्या करायच्या, की चल्लस-आठ सुरू. पैसा एक लागत नाही.

जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान. चारही पांढऱ्या आल्या तर चल्लस, म्हणजे चार. एकही नाही आली तर आठ. म्हणजे दानं मोजून पाच. पण ती एकापुढे एक कशी पडतील याचे प्रकार मोजा. पाच फेकींत ३,१२५. दहा फेकींत ९७,६५,६२५. आणि पटावर जितकी घरं तितक्या, म्हणजे पंचवीस फेकी झाल्या की २,९८,०२,३२,२३,८७,६९,५३,१२५!

या आकड्याला नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं दिली, त्यांतलं शेवटचं परार्ध: एकावर सतरा शून्यं. तिथे यादी संपते, आणि आपले चिंचोके जवळजवळ तीन परार्धांवर पोचलेले असतात. दर सेकंदाला एक क्रम लिहायला बसलात तर ९४४ कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं.

मला याहून नवल वाटतं ते हे, की पंचवीस फेकींत डाव रंगातही आलेला नसतो. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर एका फेकीची सरासरी बरोबर अडीच घरं येते. आपल्या घरातून निघून मधल्या घरात पोचायला चोवीस घरं. चार सोंगट्यांची शहाण्णव. एकही सोंगटी मारली गेली नाही तरी एका गड्याला सरासरी अडतीसहून जास्त फेकी लागतात, आणि गडी चार!

खरा चिंचोका मात्र इतका समान नसतो. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे प्रत्येक संचाचा स्वभाव वेगळा. काही संच आठाचे असतात, काही दोनाचे, हे खेळणाऱ्यांच्या हाताला कळतं. समान धरले तर लागोपाठ तीन आठ पडण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक. काही घरांतल्या नियमाप्रमाणे तेव्हा तिन्ही दानं जळतात, आणि सोंगटी जागची हलत नाही.