काजूच्या बुंध्याशी वाढणारे तण

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीत राहणाऱ्या अनेक चाकरमान्यांच्या काजूच्या बागा सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जांभ्या जमिनीवर आहेत, आणि गणपती ते शिमगा या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तेथे जे घडते ते बरेचसे झाडाच्या पायथ्याशीच घडते. पावसाळ्यानंतर झाडांखालचे गवत व झुडपे कोयत्याने तोडण्याला कोकणात बेणणी म्हणतात. पडलेल्या बिया वेचायला जमीन मोकळी व्हावी एवढाच तिचा हेतू सहसा धरला जातो, परंतु किडींचा विचार करता कोणते तण काढावे व कोणते राखावे हे ठरवणे अधिक निकडीचे आहे.

रोठा, म्हणजे खोड व मूळ पोखरणारी अळी, हिच्याबाबत तर दुमत संभवत नाही. तिचा भुंगा जमिनीलगतच्या खोडावर, सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी सालीखालचा भाग खात मुळांकडे सरकते आणि झाडाचा अन्नरस तुटतो. आरंभी दिसतात ती बुंध्याशी बारीक छिद्रे, पाझरणारा डिंक आणि चावलेल्या लाकडाचा तांबूस भुसा. बुंधा गवतात बुडालेला असेल तर हा भुसा नजरेस पडत नाही, आणि पाने पिवळी पडू लागतात तेव्हा झाड वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

ढेकण्याचे गणित निराळे आहे. रस शोषणारा हा किडा कोवळ्या पालवीत व पुढे मोहोरात सोंड खुपसतो आणि डंखाच्या जागी काळपट चट्टे पडून शेंडे वाळतात. त्याची अंडी कोवळ्या देठात रुतवलेली असतात. बाहेर केवळ केसासारखे दोन लहानमोठे तंतू उरतात, त्यामुळे फांदी डोळ्यांजवळ धरूनही ती चटकन सापडत नाहीत. पेरू, शेवगा, कडुनिंब आणि रानमोडीसारखे तण यांवरही हा किडा जगत असल्याने बागेतली रानमोडी काजूला पालवी फुटण्याआधीच काढलेली बरी.

मात्र याचा अर्थ सारी जमीन खरवडून काढावी असा नव्हे, कारण उतारावरची उघडी माती कोकणच्या पावसात टिकत नाही आणि किडी खाणाऱ्या कोळ्यांनाही आडोसा लागतोच. तोडलेले तण झाडाखालीच पेटवण्याची सवय तर त्याहून वाईट, कारण त्या झळा पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबिलांपर्यंत पोहोचतात. वेचणाऱ्यांना चावतात म्हणून त्या नकोशा असतात खऱ्या, पण उत्तर ऑस्ट्रेलियातील काजूच्या बागांत ओंबिलांच्याच वसाहती जोपासून ढेकण्याच्या एका भाऊबंद जातीला आवर घालण्यात आलेला आहे. बुंध्याभोवतीचे आळे स्वच्छ, ओळींमधले साधे गवत कापून आच्छादन म्हणून तेथेच पसरलेले, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या महिन्यांत भुसा पाहायला गावातले कोणीतरी नेमलेले, एवढी व्यवस्था बेणणीच्या मजुरीत थोडी भर घालूनही होऊ शकते.