वारो खंयसून येता?

फेब्रुवारीतल्या पहाटे मालवणच्या जेट्टीवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा पाठीला लागतो. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून दर्याकडे निघालेला हा मतलई वारा. "काका, मोबाईलवर दहा नॉट दाखवतायत," मी तांडेलकाकांना म्हणालो. काका दोर सोडवत होते, त्यांनी मान वर केली नाही. "आकडो रवांदे. वारो खंयसून येता ता आधी सांग."

वाऱ्याचा अंदाज वाचायला हाच प्रश्न पहिला हवा असं माझं ठाम मत आहे. पूर्वेचा दहा नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर वारा, किनाऱ्यालगत पाण्याला जेमतेम सुरकुती पाडतो. लाट उठायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं आणि ते इथं अजून मिळालेलं नसतं. म्हणून किनाऱ्यावरून दर्या शांत वाटतो. पण जितकं आत जावं तितकी लाट चढत जाते, आणि इंजिन बंद पडलं तर हाच वारा होडी आणखी आत ढकलतो. पश्चिमेकडून आलेल्या दहा नॉटांची लाट मात्र जेट्टीवरूनच दिसते. अॅपमधला बाण बहुधा वारा जातो त्या दिशेला टोक करतो, पण '315 अंश' लिहिलेलं असेल तर वारा वायव्येकडून येतो असं समजायचं. तक्ता यूटीसी वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

अंदाज काढणारं संगणकी प्रतिमान जमीन आणि समुद्र चौकोनांत कापतं. युरोपीय हवामान केंद्राच्या जागतिक प्रतिमानाचा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा. त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचा आडोसा किंवा देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी मावत नाही. शिवाय अॅपमध्ये ठळक दिसणारा आकडा सरासरीचा असतो, झोताचा आकडा वेगळा बघावा लागतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे बारा नॉटांच्या वाऱ्यात मधूनच येणारा वीसचा झोत लहान होडीला चांगलाच जाणवतो.

सकाळ सरते, जमीन तापते, मतलई पडतो. मग काही काळ वारा नसतोच. त्यानंतर क्षितिजाकडचं पाणी गडद होऊ लागतं आणि ती गडद रेघ किनाऱ्याकडे सरकते. खारा वारा आला! तो पश्चिमेकडून सुरू होतो आणि दुपार चढेल तसा वायव्येकडे वळतो. कधी येणार हे ओळखायला मी सुमारे 750 मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज बघतो. तिथं पूर्वेचा वारा जोरात असेल तर खाऱ्याला उशीर होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई अचानक होरपळते, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पण कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या टोकाला, नुसत्या वाऱ्याच्या अंदाजावर भागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास इथं भरती दुपारच्या आधी पूर्ण होते आणि नेमका खारा वारा जोर धरतो तेव्हा उधाणाची सुकती वेगानं बाहेर पडत असते. वारा आत, पाणी बाहेर. दोघांची गाठ पडते तिथं लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकीतून होडीची नाळ वर येते न येते तोच दुसरी आदळते. वारा तोच बारा नॉटांचा असतो, पण भरतीच्या वेळी, पाणीही आत येत असताना, याच वाऱ्यात होडी सहज आत शिरते. वाऱ्याच्या तक्त्याशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता ठेवल्याशिवाय हा फरक कळायचा नाही.

त्या दिवशी पौर्णिमा होती. काकांनी जाळी लवकर ओढायला लावली आणि अकराच्या आत, भरतीच्या पाण्याबरोबर, आम्ही खाडीत आलो.