वांग, दही आणि आम्ल

आमच्या सौ.च्या गालांवर वांगाचे डाग उमटले, तेव्हा आईने उपाय सांगितला : मसुरीचे पीठ नि दही. दह्यात लॅक्टिक आम्ल असते. उसात सापडणारे ग्लायकोलिक त्याचेच भावंड. ही आम्ले वरच्या थरातल्या मृत पेशींची पकड सैल करतात, साचलेला रंगही त्यांच्याबरोबर झडतो. पण हिला घाई! एका पार्लरमध्ये तीव्र आम्लाने गाल भाजला, डाग आणखी काळे पडले. (पैसे मी मोजले होते, म्हणून बोलायची चोरी.) आपली सावळी कातडी दुखावली की काळवंडतेच. त्वचारोगतज्ज्ञांनी सौम्य आम्ल दिले, एक दिवसाआड, रात्री. सकाळी सनस्क्रीन सक्तीचे. आठ महिन्यांनी डाग फिकटले, पुसले नाहीत. हल्ली ती भर उन्हाळ्यातही भाजीला छत्री घेऊन निघते.