खासगी वाट : पोथीसंग्रह आणि क्लाउड

होळकरांच्या कारभारात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन वेगळे खजिने असत. खासगी म्हणजे गुप्त नव्हे. वेगळे राखून ठेवलेले, एवढाच तेथे त्याचा अर्थ. क्लाउड सेवांकडे नेणाऱ्या ‘खासगी जोडणी’चा विचार करताना हा जुना अर्थ ध्यानी ठेवणे इष्ट होय, कारण या विषयातील बरेच गैरसमज खासगी आणि गुप्त यांची गल्लत केल्यानेच उद्भवतात.

एखाद्या ग्रंथालयाने पोथ्यांची एक लक्ष पृष्ठे छायांकित केली आणि प्रत्येक प्रतिमा १०० मेगाबाइटची भरली, असे मानू. संग्रह १० टेराबाइटचा झाला. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी जोडणी अखंड चालली तरी तो क्लाउडमध्ये पोचविण्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागेल. १ गिगाबिटच्या जोडणीस एक पूर्ण दिवसही लागणार नाही.

पहिला पर्याय व्हीपीएनचा. तो सार्वजनिक इंटरनेटवरूनच जातो, परंतु मजकूर कूटबद्ध करून. खर्च थोडा, उभारणी त्वरित. मात्र वाट सामाईक असल्याने वेगाची शाश्वती नाही.

दुसरा पर्याय स्वतंत्र जोडणीचा. ॲमेझॉनची डायरेक्ट कनेक्ट ही सेवा २०११ साली आली. मायक्रोसॉफ्टची एक्स्प्रेसरूट आणि गूगलची क्लाउड इंटरकनेक्ट याच जातीच्या. येथे संस्थेचा राउटर ठरावीक डेटा सेंटरात फायबरने कंपनीच्या राउटरला जोडला जातो आणि इंटरनेट वगळले जाते. स्वतःचे पोर्ट ॲमेझॉनकडे १ गिगाबिटपासून, गूगलकडे १० गिगाबिटपासून मिळते. एवढी क्षमता नको असेल तर दूरसंचार कंपनीसारख्या मध्यस्थामार्फत ५० मेगाबिटपासूनचा वाटा घेता येतो. विद्यापीठांच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा पर्याय बहुधा हाच. एक्स्प्रेसरूटच्या प्रत्येक सर्किटमध्ये दोन जोडण्या अंतर्भूत असतात. डायरेक्ट कनेक्टमध्ये दुसरी जोडणी ग्राहकाने वेगळी घ्यावी लागते. ती घेणे शहाणपणाचे, कारण रस्ता खोदणाऱ्या यंत्राला खासगी-सार्वजनिक हा भेद कळत नाही.

आता मूळ गल्लतीकडे. स्वतंत्र जोडणीवरील मजकूर आपोआप कूटबद्ध होत नाही. वाट वेगळी झाली, तरी पत्र उघडेच राहते. अप्रकाशित साहित्य किंवा देणगीदारांचा खासगी पत्रव्यवहार पाठवायचा असल्यास याच वाटेवरून व्हीपीएन चालविणे, अथवा पाठविण्यापूर्वीच मजकूर कूटबद्ध करणे आवश्यक ठरते.

खर्चाचे गणितही फसवे आहे. क्लाउडमध्ये डेटा आत नेण्यास सामान्यतः आकार पडत नाही. बाहेर आणण्यास पडतो. स्वतंत्र जोडणीवर हा दर कमी असतो, पण पोर्टचे भाडे वाट रिकामी असतानाही चालू राहते. एकदाच चढवून क्वचित पाहिल्या जाणाऱ्या संग्रहासाठी ती घेणे म्हणूनच अपव्यय होय. पाठचिकित्सेसाठी अनेक अभ्यासक रोज मूळ प्रतिमा उतरवून घेत असतील, तर मात्र हिशेब पालटतो. तोही करारापूर्वी मांडावा, आणि त्यात एक रकमेची नोंद अवश्य असावी : उद्या सेवादाता बदलावयाचा झाल्यास सगळा संग्रह परत आणण्यास किती पडेल.